उपदेशास जातां जातां

वाचावयाचा भाग : लूक, अध्याय १०, वचनें २५ ते ३७.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आमच्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. परंतु दाखला ठाऊक असणें आणि वाटेवर थांबणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ह्याविषयीं अमेरिकेंतील विद्वानांनीं केलेले दोन शोध आम्ही ह्या पाठांत वाचकांपुढें ठेवितों.

न्यू जर्सी संस्थानांत प्रिन्स्टन येथें धर्मोपदेशक तयार करणारें एक विद्यालय आहे. तेथील ४० विद्यार्थ्यांची जॉन डार्ली व डॅनियल बॅटसन ह्या मानसशास्त्रज्ञांनीं परीक्षा पाहिली, व तिचा वृत्तांत १९७३ सालीं छापिला. प्रत्येकास जवळच्या इमारतींत जाऊन लहानसें भाषण करावयाचें होतें. कांहींचा विषय हाच दाखला होता. कांहींचा, शिक्षणानंतर मिळणाऱ्या नोकऱ्या. वाटेंत एका दाराशीं एक मनुष्य मान खालीं घालून खोकत व कण्हत पडला होता. तो मुद्दाम बसविलेला आहे, हें त्यांस ठाऊक नव्हतें.

निघतांना कांहींस उशीर झाल्याचें सांगितलें, कांहींस लागलेंच जावयास सांगितलें, व कांहींस अजून अवकाश आहे असें सांगितलें. ज्यांस अवकाश होता त्यांपैकीं शेंकडा ६३, मधल्यांपैकीं शेंकडा ४५, आणि घाईंत असलेल्यांपैकीं केवळ शेंकडा १० जणांनीं साह्य केलें. दाखल्यावर बोलावयास निघालेले इतरांहून विशेष अधिक थांबले, असें ठरलें नाहीं. कित्येक तर त्या मनुष्यास ओलांडून उपदेशास गेले!

ते निर्दय होते, असें आम्ही म्हणत नाहीं. पुढें कोणी आपली वाट पाहत आहे, ह्या विवंचनेंत ते होते. हेंच आमच्या मनास बोंचतें. सभेची वेळ झाली, गाडी चुकेल, अशा घाईंत एखाद्या आजाऱ्याच्या दारावरून आम्हीही पुढें गेलों नाहीं काय? याजक व लेवी ह्यांसही कदाचित् असेंच काम असेल.

दुसरा शोध धीर देणारा आहे. रॉबर्ट पटनम व डेव्हिड कॅम्पबेल ह्यांनीं २०१० सालीं 'अमेरिकन ग्रेस' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथें नियमानें उपासनेस जाणारे लोक इतरांपेक्षां अधिक स्वयंसेवा करितात, व तीही केवळ आपल्या मंडळीपुरती नव्हे, असें त्यांस आढळलें. परंतु मनुष्य कोणतें मत मानितो, ह्यापेक्षां मंडळींत त्याचे स्नेही किती आहेत, ह्यावर तें अधिक अवलंबून असतें. स्नेही 'चल' म्हणतो, तेव्हां पाऊल उठतें.

हे शोध अमेरिकेंतील आहेत. ते आमच्या खेड्यांस जसेच्या तसे लागू पडतील, असा हट्ट आम्ही धरीत नाहीं. विश्वास व्यर्थ आहे, असेंही त्यांवरून ठरत नाहीं. विश्वासानें हातपाय हलवावयास वेळ व सोबत लागते, एवढेंच ते शिकवितात. म्हणून उपदेशकानें उपासनेस अर्धा तास आधीं निघावें, आणि आजाऱ्याकडे जातांना मंडळींतील एकास बरोबर न्यावें. प्रभूनेंही शिष्यांस दोघे दोघे पाठविलें होतें.

विचारावयाचे प्रश्न : (१) गेल्या आठवड्यांत घाईमुळें आपण कोणास ओलांडून गेलों? (२) पुढच्या वेळीं आपण कोणास 'चल' म्हणूं?