ॲक्सल उघडण्याआधी

ब्रेक ओरडला की मागचा ॲक्सल खोलायचा आणि प्लेटी बदलायच्या, असा शिरस्ता बऱ्याच साइटवर पडून गेला आहे. बांधकामाच्या यंत्रांच्या दुरुस्तीत वावरताना जी उदाहरणं पाहिली, त्यांतलं एक मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. त्यात मालक काळजी घेणारा होता, फिटरचा हात कसलेला होता, आणि तरीही पैसा व कामाचे दिवस दोन्ही वाया गेले.

कोकणातल्या एका घाटरस्त्याच्या रुंदीकरणावर बॅकहो लोडर चालत होता. पावसाळ्याआधी त्याचं सर्व्हिसिंग झालं. त्यानंतर थोड्याच दिवसांत ब्रेक दाबला की मागून घोगरा हुंकार उठू लागला आणि थांबता थांबता केबिन थरथरू लागली. ब्रेक लागत होता, पण वाटेवरची माणसं वळून पाहतील असा तो आवाज. मालकाने ॲक्सल खोलून नव्या प्लेटी टाकून घेतल्या. काही दिवस बरे गेले, मग पुन्हा तोच हुंकार. शेवटी दुसऱ्या साइटवरच्या एका जुन्या मिस्त्रीने पाना हातात न घेताच विचारलं, ‘सर्व्हिसिंगला ॲक्सलमध्ये ऑइल कुठलं ओतलं?’ टिपरच्या डिफरेन्शियलसाठी आणलेल्या बॅरलमधलं नव्वद नंबरचं गिअर ऑइल त्यात गेलं होतं.

आजच्या बहुतेक बॅकहो आणि व्हील लोडरचे ब्रेक ऑइलमध्ये बुडालेले असतात. मागच्या ॲक्सलच्या आत घर्षणाचा थर असलेल्या चकत्या, म्हणजेच प्लेटी, आणि पोलादी चकत्या आळीपाळीने बसवलेल्या असतात. पेडल दाबलं की पिस्टन त्यांना एकमेकींवर आवळतो. गिअर आणि या चकत्या एकाच ऑइलमध्ये फिरतात, म्हणून त्या ऑइलला दोन कामं करावी लागतात: गिअरचे दात झिजू न देणं आणि चकत्यांची पकड एकसारखी ठेवणं. दुसऱ्या कामासाठी त्यात वेगळी रसायनं मिसळलेली असतात. साध्या गिअर ऑइलमध्ये ती नसतात. मग चकत्या धरतात, सुटतात, पुन्हा धरतात, आणि हे सेकंदाला कित्येक वेळा घडतं. बाहेर ऐकू येणारा हुंकार तो हाच.

घाटातल्या त्या बॅकहोमधलं ऑइल उतरवून पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचं भरलं, तरी आवाज लगेच गेला नाही. चाकांच्या हबमध्ये आणि चकत्यांच्या थरात जुनं ऑइल मुरलेलं राहतं. हबचे प्लग वेगळे असतात, तेही खोलून निचरा करावा लागतो. थोडं चालवून पुन्हा एकदा ऑइल बदलल्यावर ब्रेक गप्प झाला. आधी काढून टाकलेल्या प्लेटी टेबलावर ठेवून मोजल्या, तेव्हा त्यांची जाडी मर्यादेच्या आतच होती. म्हणजे तो सगळा खर्च बॅरलवरचं नाव वाचलं असतं तर टळला असता.

म्हणून पहिली पायरी ऐकण्याची. ऑपरेटरला नुसतं ‘आवाज येतो का’ असं विचारून भागत नाही. तो सकाळी गार यंत्राला येतो की तासाभराने तापल्यावर? सरळ चालताना की वळताना? पेडलला हलका पाय लावल्यावर की जोरात दाबल्यावर? रिव्हर्समध्येही येतो का? ब्रेकला पाय न लावता फक्त वळताना मागून कटकट होत असेल, तर संशय ब्रेकपेक्षा डिफरेन्शियलवर घ्यावा. लिमिटेड स्लिप प्रकारच्या डिफरेन्शियलमध्येही चकत्या असतात, आणि चुकीच्या ऑइलने त्याही कुरकुरतात. ब्रेक असो वा नसो, वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर बहुधा बेअरिंगची किंवा गिअरची असते. चाकाचे नट सैल असले किंवा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजला असला, तरी ब्रेक दाबताना धक्क्यासारखा ठोका येतो. तिथे प्लेटी बदलून काय हाती लागणार?

आवाजाची जातही बोलते. घोगरा हुंकार आणि थरथर असेल तर आधी ऑइलकडे पाहावं. टिपरसारख्या वाहनांच्या कोरड्या ब्रेकचं किंचाळणं बहुतेकदा गुळगुळीत झालेल्या लायनरमुळे किंवा आत बसलेल्या धुळीमुळे असतं. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या टिपरच्या ड्रमवर गंजाचा पापुद्रा धरतो आणि सकाळचे दोन-चार ब्रेक ओरडतात, त्याची चिंता नको. पण लोखंडावर लोखंड घासल्याची खरखर आली, तर यंत्र तिथल्या तिथे थांबवायचं. लायनर संपून रिवेट ड्रमला लागल्याची ती खूण असू शकते, आणि प्रत्येक ब्रेकबरोबर ड्रम कापला जातो.

ऐकून झालं की ऑइल पाहायचं. पातळी बरोबर आहे का? रंग दुधाळ असेल तर पाणी शिरलं आहे. नदीपात्रात किंवा साचलेल्या पाण्यात चाललेल्या यंत्रात हे नेहमी दिसतं. जळका वास आला तर चकत्या तापल्या आहेत. चुंबक असलेल्या प्लगवर बारीक काळपट लगदा दिसणं ही सर्वसाधारण झीज. चकाकणारे तुकडे किंवा घर्षणाच्या थराचे कपचे दिसले, तर मात्र ॲक्सल उघडायलाच हवा. अनेक बॅकहोंच्या पुस्तिकांत हे ऑइल साधारण 1000 तासांनी बदलायला सांगितलेलं असतं. धुळीत, चिखलात आणि घाटात चालणाऱ्या यंत्राचं ऑइल त्याआधीही तपासलेलं बरं. ॲक्सलवर ठोकलेल्या पट्टीवर त्याचा मॉडेल नंबर असतो. पुण्याजवळ रांजणगावला कॅरारो कंपनी बांधकाम यंत्रांचे आणि ट्रॅक्टरचे ॲक्सल बनवते. एकाच कारखान्याचा ॲक्सल वेगवेगळ्या यंत्रांत असू शकतो, म्हणून ऑइलची जात अंदाजाने ठरवू नये. त्या नंबरावरून आणि यंत्राच्या पुस्तिकेवरून ठरवावी.

ब्रेकच्या टाकीतलं द्रव वारंवार कमी होत असेल आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर पिस्टनचं सील फुटून ते ॲक्सलमध्ये उतरतं आहे का, ते पाहावं. अशा वेळी ॲक्सलमधली पातळी वाढलेली सापडते. टाकीत काय ओतायचं यातही मोठा धोका आहे. बऱ्याच बॅकहोंच्या ब्रेकमध्ये खनिज तेल वापरतात, तर मोटारीच्या दुकानात सहज मिळणारं डॉट 3 किंवा डॉट 4 हे वेगळ्याच जातीचं द्रव. एकासाठी बनवलेलं रबर दुसऱ्यात फुगतं किंवा सडतं. एका बाटलीने मास्टर सिलिंडरपासून पिस्टनपर्यंतची सगळी सीलं खराब होऊ शकतात. झाकणावर लिहिलेलं वाचायचं. ते पुसलेलं असेल तर पुस्तिका उघडायची.

तिसरी तपासणी उष्णतेची. सपाट रस्त्यावर थोडं चालवून दोन्ही बाजूंचे हब इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजावेत. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच तापलेली असेल, तर तिकडचा ब्रेक पूर्ण सुटत नाही. पेडलला मोकळी चाल नसणं, पिस्टन अडकणं ही त्याची नेहमीची कारणं. बॅकहोला डाव्या-उजव्या चाकांसाठी दोन पेडल असतात. रस्त्यावर निघताना ती कडीने जोडली नाहीत, तर एकाच बाजूचा ब्रेक लागतो, यंत्र एकीकडे ओढतं, आणि त्या बाजूच्या चकत्या लवकर झिजतात.

टिपर आणि ट्रान्झिट मिक्सरचे हवेचे ब्रेक तपासताना प्रत्येक चाकाच्या स्लॅक ॲडजस्टरची चाल मोजावी. एका चाकाची चाल जास्त असली, तर ते चाक आपला वाटा उचलत नाही आणि बाकीची तापून ओरडतात. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्यामुळे ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

हात घालण्याआधी यंत्र सपाट जागी उभं करावं, बकेट जमिनीवर टेकवावी, चाकांना ठोकळे लावावेत, इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवावी. अक्युम्युलेटर असलेल्या यंत्रात इंजिन बंद असलं तरी दाब साठलेला असतो; पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पेडल दाबून तो आधी उतरवावा. टिपरच्या मागच्या ब्रेक चेंबरमध्ये ताकदवान स्प्रिंग दाबून बसवलेली असते. ते चेंबर उघडायला जाणं म्हणजे जिवाशी खेळ. चालवून पाहताना रिकामं यंत्र, कमी वेग आणि मोकळं आवार हवं. आवाज ऐकायला कुणी चाकाशेजारून पळू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर आवाज कशाने गेला ते कळतच नाही. खरंच प्लेटी बदलाव्या लागल्या, तर बसवण्याआधी नव्या प्लेटी योग्य ऑइलमध्ये भिजवून घ्याव्यात.

याची दुसरी बाजूही आहे. ऑइलमधले ब्रेक आवाज न करताही झिजतात. म्हणून आवाज गेला एवढ्यावर समाधान मानता येत नाही. चाकांवरच्या माती हलवणाऱ्या यंत्रांसाठी असलेलं आयएसओ 3450 हे मानक सर्व्हिस ब्रेक, तो निकामी झाल्यास दुय्यम ब्रेक आणि पार्किंग ब्रेक अशी तीन कामं मागतं, कारण एकावर भरवसा ठेवून ही वजनं उतारावर नेता येत नाहीत. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतार उतरण्याची सवय घातक आहे: इंजिनाचा रोध मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

साइटवर बॅकहो, लोडर, टिपर ठेवणाऱ्या प्रत्येक मालकाला माझी विनंती आहे. ऑइलच्या प्रत्येक बॅरलवर आणि डब्यावर ते कोणत्या यंत्राच्या कोणत्या भागासाठी आहे, ते रंगाने ठळक अक्षरांत, मराठीत लिहून घ्या. यंत्राच्या वहीत तारीख, मीटरचे तास आणि भरलेल्या ऑइलची जात नोंदवा. ब्रेकविषयी ऑपरेटरची तक्रार आली, तर कारण सापडेपर्यंत ते यंत्र घाटात पाठवू नका.