पोळीऐवजी पिकोस?

प्रश्न : मुलीने स्पेनमधल्या सेव्हियाहून पिकोस आणलेत. मला मधुमेह आहे. पोळीऐवजी चालतील का?

उत्तर : पोळीऐवजी नकोत. सेव्हिया ज्यात आहे त्या अंदालुसिया प्रांतातल्या या बोटभर कुरकुरीत काड्या बहुधा मैद्याच्याच असतात. भाजताना पाणी उडून जातं, म्हणून १०० ग्रॅममध्ये सुमारे ४०० कॅलरी भरतात. साध्या पावात साधारण २५०. मीठही बरंच असतं. शाकाहारी असाल तर वेष्टनावरचे घटक वाचाच, काहींत डुकराची चरबी असते.

तिकडे या काड्या सालमोरेखोबरोबर, म्हणजे टोमॅटो, पाव, लसूण नि ऑलिव्ह तेल घोटून केलेल्या गार, दाट सुपाबरोबर खातात. त्यात पाव आधीच आहे, तेव्हा तुम्ही सेव्हियाचीच जिरं घातलेली पालक-हरभऱ्याची भाजी करा. तिथे तिच्यात तळलेला पाव वाटून घालतात, तो वगळा. सोबत चार-पाच काड्या खुशाल खा.