भज्जी कळकली तेव्हा

माझं माहेर औसा तालुक्यातलं आणि सासर भूमचं. जिल्हे शेजारचे असले तरी येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा सण, माहेरी जेवढी मोठी, तेवढी मला सासरच्या गल्लीत कधी दिसली नाही. म्हणून लग्नानंतर मीच हट्टानं ती इकडे आणली. मार्गशीर्ष अमावास्येला वालवडच्या वाटेवरच्या आमच्या रानात कडब्याची कोप उभी राहते, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव बसतात, आंबिलीचं मडकं येतं. उंडे, तिळाच्या पोळ्या, खीर असं सगळं असतं, पण पाहुणे विचारतात ते एकच, भज्जी केली का?

भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे, हे पश्चिमेकडच्या वाचकांना सांगावं लागतं. तुरीचे ओले दाणे, वाटाणा, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, शेंगदाणे, मेथी, चाकवत, आंबटचुका, कांद्याची पात आणि रानात त्या आठवड्यात जे कोवळं असेल ते एकत्र शिजवून बेसन लावलेली, चिंचेची आंबटगोड, दाट भाजी. माझ्या आईची भज्जी खाऊन माणसं तृप्त होऊन झाडाखाली आडवी व्हायची. तीच भज्जी मी ३० डिसेंबर २०२४ च्या येळवशीला केली आणि त्या दुपारी घरातली तीन लेकरं आणि माझी जाऊ उलट्या करत होती.

त्या वर्षी अमावास्या सोमवारी आली होती. पस्तीस माणसं येणार होती आणि आमचं स्टीलचं पातेलं वीस माणसांचं. माळ्यावर आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, पितळी बगुणं होतं. त्या गेल्यापासून कुणी काढलं नव्हतं. मी ते काढलं, चिंच आणि राख लावून घासलं. आतून-बाहेरून पिवळं धमक, आरशासारखं झालं. मला फार बरं वाटलं, सासूबाईंच्या भांड्यात सणाचं शिजणार म्हणून.

चूक तिथेच झाली होती. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. अशा भांड्याला आतून कथलाची कल्हई असते आणि कल्हई असलेलं भांडं आतून पांढरट, चांदीसारखं दिसतं. माझं बगुणं आतून पिवळं दिसत होतं, म्हणजे कल्हई कधीच उडून गेली होती. आणि ज्या चिंचेनं ते एवढं लखलखीत झालं, तीच चिंच मी चुक्यासकट त्यात रात्रभर ठेवणार होते. चिंच पितळेवरचा थर खाते म्हणून तर भांडं चमकतं, आणि जे खाते ते भाजीत उतरतं. एवढी साधी गोष्ट हातात भांडं असताना मला सुचली नाही.

रात्री दहाला भज्जी शिजवून झाकून ठेवली, कारण पहाटे उंडे आणि पोळ्यांना चूल मोकळी हवी होती. पहाटे चारला झाकण काढलं तेव्हा भाजीच्या कडेला, भांड्याला टेकलेल्या भागात, हिरवट-निळसर रेघ दिसली. मला ती पालेभाजीची वाटली. चमचाभर चाखली. जीभ आखडली, तोंडात पैसा धरल्यासारखी चव आली. भाजी कळकली, हा शब्द मनात आलासुद्धा. आई ताकाबद्दल नेहमी म्हणायची, 'पितळंत ठिवू नगं गं, कळकतंय.' तरी मी काय केलं? मूठभर गूळ घातला आणि वरून लसणाची फोडणी दिली. पस्तीस माणसांची भज्जी अमावास्येच्या दिवशी उकिरड्यावर कशी टाकायची, लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं.

लेकरं पहिल्या पंगतीला बसली. अर्ध्या तासात मळमळ, पोटात कळा, मग उलट्या. जीपमधून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, 'स्वयंपाक कशात केला होता?' तांब्याचे क्षार पोटात गेले की असंच होतं, खाल्ल्यावर थोड्याच वेळात. संध्याकाळपर्यंत चौघंही सावरली. माझा धाकटा पुतण्या सलाईन लावलेला हात बाजूला धरून झोपला होता, तो मला अजून दिसतो.

तेव्हापासून जिथे येळवस होते तिथल्या बायकांना मी हे सांगत असते. भांडं आतून बघा, बाहेरून नव्हे. पिवळं किंवा तांबूस दिसलं तर त्यात चिंच, चुका, ताक, टोमॅटो, लिंबू काहीही शिजवू नका, ठेवू तर मुळीच नका. जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलंही रात्रभर आंबटाला चालत नाही. कल्हई करून घेणार असाल तर शुद्ध कथलाचीच करायला सांगा आणि समोर उभ्या राहा. स्वस्तात करणाऱ्याच्या कथलात शिसं मिसळलेलं असू शकतं आणि शिसं तांब्याहून वाईट, कारण ते उलटीनं कळवत नाही. कल्हईचं भांडं रिकामं विस्तवावर ठेवू नका. कथील साधारण २३२ अंशांना वितळतं, म्हणून फोडणी नेहमी वेगळ्या लोखंडी कढईत करून वरून ओता. नाहीतर स्टीलची दोन पातेली वापरा. मी आता तेच करते. शेजारणीकडून मागायला लाज वाटत नाही.

आंबील मातीच्या मडक्यातच करा. मडकं आतून रंगवलेलं नको. नवं असेल तर दिवसभर पाण्यानं भरून ठेवा.

भज्जीचं आणखी एक, जे आईनं मला फक्त करून दाखवलं होतं आणि मी उशिरा समजले: आंबट शेवटी. चिंच आधी पडली की दाणे दडस राहतात, कितीही शिजवा. विशेषतः पावटा अर्धकच्चा पोटाला बाधतो. पंचवीस माणसांना मी दीड किलो मिश्र दाणे आणि पाव किलो शेंगदाणे आधी शिजवून घेते. दाणा बोटानं दाबला की फुटला पाहिजे. मग पालेभाज्या, चुका सोडून. मग अर्धा किलो बेसन गार पाण्यात कालवून, एका हातानं ओतत दुसऱ्या हातानं ढवळत. बेसनाचा कच्चा वास गेला की चुका, चिंचेचा कोळ, गूळ, आणि सगळ्यात शेवटी ठेचा-लसणाची फोडणी. हे आदल्या रात्री करत नाही. दाणे रात्री सोलून ठेवते, भाजी पहाटे तीनला चढते. झोप जाते, जाऊ दे.

आणि चव वेगळी लागली तर गूळ घालू नका. टाकून द्या. पंगतीला उंडे, आंबील, खीर आहेच, भज्जीवाचून कुणी उपाशी उठत नाही. त्यातूनही कुणाला त्रास झालाच तर घशात बोटं घालून ओकायला लावू नका, पाणी घोटाघोटानं द्या, दवाखान्यात न्या आणि कशात शिजवलं होतं ते स्वतःहून सांगा. मी डॉक्टरांनी विचारेपर्यंत गप्प होते.

ते बगुणं मी मोडीत घातलं नाही. आत्याबाईंचं आहे. कल्हई करून आणलंय, त्यात आता पाणी तापतं.

पुढच्या येळवशीला धाकटा पुतण्या कोपीपाशी आला. ताट हातात घ्यायच्या आधी पातेल्याच्या कडेला वाकून बघायला लागला. काही बोलला नाही. मी झाकण पूर्ण काढलं, भाजी डावानं एका बाजूला सारली आणि त्याला तळ दिसेपर्यंत बघू दिलं.