खालिद जमील यांचा धडा: एजन्सी गेली, वही राहिली

व्हिडिओत वीसच मिनिटं मिळतात, त्यामुळे बरंच राहून गेलं. ते इथे लिहितोय. वही-पेन जवळ ठेवा, मध्ये एक काम देणार आहे.

गोंदियाच्या शनिवारच्या बॅचमध्ये आमगावच्या एका पोराने विचारलं, "सर, माझ्याकडे भांडवल दीड लाख. समोरच्याकडे पंधरा लाख. मी कशाला उतरू?" प्रश्न खरा आहे. आपल्याकडे राईस मिलवाल्याच्या शेजारी कुणी लहानसा पोहा-मुरमुऱ्याचा धंदा टाकला की त्याला रोज हाच प्रश्न पडतो. उत्तर म्हणून मी एका फुटबॉलवाल्याची गोष्ट सांगितली. क्रिकेट सोडून फुटबॉल कशाला, असं काहींना वाटलं असेल. पण ऐका.

खालिद जमील यांचा जन्म 1977 चा, कुवेतचा. घर भारतीय. आखाती युद्धाच्या काळात कुटुंब मुंबईला आलं. पोरगा मुंबईत खेळू लागला, महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून मिडफिल्डला खेळला, भारताकडूनही खेळला. मग दुखापती सुरू झाल्या. खेळाडूचं शरीर म्हणजे त्याचं मशीन. मशीनच वारंवार बंद पडायला लागलं तर माणूस काय करेल? खालिद सर शेवटी मुंबई एफसी या नव्या क्लबात आले आणि 2009 मध्ये त्याच क्लबाचे कोच झाले. वय 32. त्या वयात बरेच जण अजून खेळत असतात.

मुंबई एफसी हा काही श्रीमंत क्लब नव्हता. कोलकात्याच्या आणि गोव्याच्या क्लबांसमोर तर नाहीच. पण सात वर्षं त्यांनी ती टीम आय-लीगमध्ये टिकवून ठेवली. ट्रॉफी नाही, मोठी बातमी नाही. फक्त दरवर्षी खाली घसरू दिली नाही. लोक म्हणायचे, हा कोच बचावाचंच खेळतो, बघायला मजा येत नाही. मला विचाराल तर कमी भांडवलाच्या माणसाने आधी बुडू नये, मजा नंतर. पहिल्या तीन वर्षांत उधारी आवरून धरणारा दुकानदारही बघायला कंटाळवाणाच असतो.

2016 मध्ये क्लबाने त्यांना सोडलं. सात वर्षांनंतर.

इथे मला माझं सांगावं लागेल, कारण हा भाग मी पुस्तकातून शिकलेलो नाही. एका कंपनीची एजन्सी मी सहा वर्षं चालवली. स्कूटरवर तिरोडा, गोरेगाव, सडक अर्जुनी, पावसाळ्यात सुद्धा. सातव्या वर्षी कंपनीने एजन्सी दुसऱ्याला दिली. एक फोन, बस. मी जवळपास वर्षभर घरी बसून त्या कंपनीला शिव्या दिल्या. बायको म्हणायची, "अहो, दुकानदारांची वही तर तुमच्याजवळच आहे ना?" एकशे चाळीस दुकानदारांची नावं, कुणाला काय माल लागतो, कोण वेळेवर पैसे देतो, सगळं त्यात होतं. मी ती वही उघडली नाही. वर्षभराने उघडली तेव्हा निम्मे लोक दुसऱ्याकडून माल घेत होते.

खालिद सरांनी वही लगेच उघडली. ते गेले मिझोरामला, ऐझॉल एफसीकडे. ही टीम आदल्या हंगामात लीगमधून खाली गेली होती. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली, जागा रिकामी झाली, म्हणून हिला परत घेतलं होतं. म्हणजे दुकान उघडायलाच नशिबाने जागा मिळाली. सोबत त्यांनी मुंबईची ओळखीची पोरं नेली: जयेश राणे, आशुतोष मेहता. कोण किती धावतो, कोण दबावात डोकं शांत ठेवतो, हे त्यांना पाठ होतं. बाकी स्थानिक मिझो पोरं आणि मोजके परदेशी, त्यात सीरियाचा अल अमना.

दहा टीमा, अठरा सामने. एप्रिल 2017 मध्ये ऐझॉलने घरच्या मैदानावर मोहन बागानला 1-0 हरवलं. 30 एप्रिलला शिलाँगला शेवटचा सामना 1-1 बरोबरीत सुटला आणि ऐझॉल चॅम्पियन. 37 गुण. मोहन बागान 36. एका गुणाचा फरक! ईशान्य भारतातल्या क्लबाने देशाची लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ. आणि त्याच हंगामात मुंबई एफसी लीगमधून खाली घसरली. यावर कुणी हसू नका. सात वर्षं न दिसणारं काम काय असतं, ते तो माणूस गेल्यावर दिसलं, एवढंच.

आता व्हिडिओ थांबवतात तसं इथे थांबा आणि वही काढा. आज तुमचं दुकान, एजन्सी किंवा नोकरी गेली, तर उद्या तुमच्या शब्दावर कोण येईल? गिऱ्हाईक, कारागीर, माल देणारा, कुणीही. नावं लिहा. "सगळेच येतील" असं लिहू नका, फोन नंबरासकट लिहा. पाचच्या खाली नावं असतील तर कर्जाची फाईल पुढच्या महिन्यावर ढकला.

चॅम्पियन झाल्यावर पुढे सगळं सरळ चढत गेलं असेल असं वाटतं ना? नाही. लगेच ईस्ट बंगालमध्ये गेले. मोठं नाव, मोठा पगार, मोठी गर्दी. टीम चौथी आली आणि एका हंगामात विषय संपला. गावातलं चाललेलं हॉटेल उचलून नागपूरला मोक्याच्या जागी टाकलं की तेच तिखट, तोच रस्सा, पण गिऱ्हाईक वेगळं, भाडं वेगळं, आणि थांबायला वेळ कुणालाच नाही. पुढे थोडे महिने मोहन बागान. मग नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहायक कोच.

सहायक! देशाची लीग जिंकलेला माणूस दोन नंबरच्या खुर्चीवर बसला. आपल्यातल्या किती जणांना जमेल? 2021 च्या सुरुवातीला, हंगाम अर्ध्यावर असताना मुख्य कोच गेले आणि टीम यांच्या हातात आली. तीच पोरं त्यांनी प्लेऑफपर्यंत नेली. मग क्लबाने कायम केलं, आणि आयएसएलमध्ये कायमस्वरूपी मुख्य कोच होणारे ते पहिले भारतीय ठरले. पुढचा हंगाम मात्र वाईट गेला, टीम तळापासून दुसरी राहिली. ते परत खालच्या पातळीवर गेले, बेंगळुरू युनायटेडकडे. तिथून जमशेदपूर. जमशेदपूरला 2024-25 मध्ये आयएसएलची सेमीफायनल आणि मग सुपर कपची फायनल, जी गोव्याकडून 3-0 ने हरले.

1 ऑगस्ट 2025 ला महासंघाने त्यांना भारताचा मुख्य कोच केलं. शेवटच्या तिघांत दोन परदेशी कोच होते, त्यातले एक आधी भारताला शिकवून गेलेले स्टीफन कॉन्स्टंटाईन. गोव्याच्या साव्हिओ मेदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी या खुर्चीवर भारतीय माणूस बसला.

पहिलीच स्पर्धा ताजिकिस्तानात, काफा नेशन्स कप. तयारीला दिवस थोडे, आणि मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत. म्हणजे गोदामातला निम्मा माल दुसऱ्याच्या कुलपात. खालिद सरांनी जो हाताशी होता तो माल मांडला. ताजिकिस्तानला 2-1 हरवलं, इराणकडून 3-0 हरले, अफगाणिस्तानशी बरोबरी, आणि तिसऱ्या जागेसाठी ओमानला पेनल्टीवर हरवलं. ओमान आपल्यापेक्षा बराच वरचा संघ.

पण मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली तर तो धडा खोटा होईल. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरला शेवटच्या क्षणी 1-1 केलं, मग गोव्यात घरच्याच मैदानावर आधी गोल करून 1-2 हरले. 2027 च्या आशिया कपचं दार तिथेच बंद झालं. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशकडूनही 0-1. 2003 नंतर पहिल्यांदा. लोक पुन्हा तेच बोलायला लागले, बचावाचाच कोच म्हणून. या वेळी मला ते सरसकट चूक वाटत नाही. बुडू नये म्हणून केलेली सवय वेगळी, आणि घरच्या मैदानावर पुढे असताना दुसरा गोल मारायचं धाडस वेगळं. आमगावच्या पोराला पहिली गोष्ट शिकायची आहे. पण आपल्या बॅचमध्ये असेही दोघं-तिघं आहेत ज्यांचं दुकान पाच वर्षं नीट चालतंय, पैसा बँकेत पडून आहे, आणि तरी दुसरं मशीन घ्यायला हात होत नाही. त्यांच्यासाठी गोव्याचा सामना आहे.

येत्या शनिवारी वही घेऊन या. नावांचं पान उघडं ठेवा, मी एकेकाला त्यातल्या एका नंबरवर तिथेच फोन लावायला सांगणार आहे. दीड लाखवाल्या पोराने पहिला यावं.