घाट उतरण्यापूर्वीचा हिशेब



सुट्टी जवळ आली की सातारा-सांगलीकडच्या मंडळींना समुद्राची ओढ लागते. आपल्याकडे कृष्णा आहे, कोयना आहे. पण भरती-ओहोटी पाहायची तर सह्याद्री ओलांडून कोकणात उतरावेच लागते. समजा, साताऱ्याच्या एका शाळेने आणि सांगलीच्या एका शाळेने मिळून गुहागरला सहल न्यायचे ठरवले. दोन्ही शाळांच्या मिनीबस पाटणला भेटतील आणि तेथून पुढे बरोबरच कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असे करीत गुहागर गाठतील. या सहलीची आखणी आपण करू. नकाशा, घड्याळ आणि नववी-दहावीचे पदार्थविज्ञान एवढे साहित्य पुरे आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून अंतरे ठोकळ घेऊ.

पाटणची भेट

साताऱ्याहून महामार्गाने उंब्रज सुमारे ३५ किलोमीटर. तेथून मल्हारपेठमार्गे पाटण आणखी ३० किलोमीटर. महामार्गावर ताशी ६० आणि आतल्या रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटर चाल धरली, तर ३५ मिनिटे अधिक ४० मिनिटे, म्हणजे सव्वा तास लागेल.

सांगलीहून पेठ नाका सुमारे ४५ किलोमीटर, तेथून कराड ३० आणि कराडहून पाटण ३६ किलोमीटर. वरच्याच चालींनी हा वेळ ६० अधिक ३० अधिक ४८, म्हणजे १३८ मिनिटे होतो. दोघांना सकाळी ९ वाजता पाटणला भेटायचे असेल, तर सांगलीकरांनी ६ वाजून ४२ मिनिटांनी आणि सातारकरांनी पावणेआठला निघावे. येथवर गणित सरळ आहे.

सरासरीचा सापळा

पाटण ते गुहागर सुमारे १०५ किलोमीटर. पुष्कळ जण येथे म्हणतात, “सरासरी ताशी ५० धरा, दोन तासांत पोहोचू.” काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या सहलीची आखणी करताना मीही असेच म्हटले होते. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने ही चूक करावी, याची आजही लाज वाटते.

चूक कोठे आहे ती पाहा. या १०५ पैकी १५ किलोमीटर वळणावळणाचा घाट धरू. तेथे मिनीबसची चाल ताशी २० च्या वर नेणे बरे नव्हे. म्हणजे घाटालाच ४५ मिनिटे लागली. उरलेले ९० किलोमीटर ताशी ४५ ने गेलो तर दोन तास. एकूण पावणेतीन तास, आणि सरासरी चाल ताशी अवघी ३८ किलोमीटर.

सरासरी चाल म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ. दोन चालींची बेरीज करून तिची निमपट केली की सरासरी मिळते, हा समज चुकीचा आहे. अर्धे अंतर ताशी ६० ने आणि अर्धे ताशी २० ने गेलात, तर सरासरी ४० नव्हे, ३० येते. याचे कारण असे की, हळू चालीच्या भागात गाडी अधिक वेळ असते आणि म्हणून त्या भागाचे वजन सरासरीत जास्त पडते.

“मग सपाट रस्त्यावर वेळ भरून काढू,” असे कोणी म्हणेल. करून पाहा. सरासरी ५० हवी असेल तर एकूण १२६ मिनिटे मिळतात. घाटाची ४५ वजा केली की ८१ मिनिटे उरतात. तेवढ्यात ९० किलोमीटर जायचे तर ताशी सुमारे ६७ ची चाल सतत ठेवावी लागेल! ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर चालीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चाल ४५ वरून ६७ झाली, म्हणजे दीडपट झाली, की हे अंतर सव्वादोन पट होते. गावातून, वळणांवरून जाणाऱ्या रस्त्यावर याचा अर्थ काय, तो सांगायला नको.

आमच्या त्या सहलीत नेमके हेच झाले. उशीर झालेला, ड्रायव्हरने तो घाटात भरून काढायचे ठरवले. गाडी वरच्या गिअरमध्ये, पाय सारखा ब्रेकवर. निम्मा घाट उतरलो तोच काहीतरी जळल्याचा उग्र वास आला. ड्रायव्हर अनुभवी होता, त्याने लगेच जागा पाहून गाडी थांबवली. चाकांजवळून धूर येत होता. तासभर आम्ही मुलांना घेऊन कडेला उभे होतो. चूक माझ्या कागदावर झाली होती. तिचा धूर चाकांतून निघाला.

नकाशात न दिसणारी उंची

सपाट नकाशावर अंतर दिसते, उंची सहसा दिसत नाही. घाटमाथ्यापासून पायथ्यापर्यंत आपण सुमारे ५०० मीटर खाली येतो असे धरू. मुलांसह मिनीबसचे वस्तुमान ६,००० किलोग्रॅम घेतले, तर माथ्यावर तिच्याजवळ पायथ्याच्या मानाने किती स्थितिज ऊर्जा असेल? वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची, म्हणजे

६,००० × ९.८ × ५०० = २ कोटी ९४ लाख ज्यूल.

विजेच्या भाषेत हे सुमारे आठ युनिट झाले. पायथ्याशी गाडीची चाल माथ्यावरच्याइतकीच ठेवायची आहे, म्हणजे गतिज ऊर्जा वाढू द्यायची नाही. मग ही सगळी ऊर्जा वाटेतच कोठेतरी द्यावी लागणार.

याच डोंगरात कोयनेचे पाणीही खाली उतरते. जलाशयातील पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सुमारे पावणेपाचशे मीटर खाली येते, जनित्रे फिरवते आणि शेवटी वाशिष्ठी नदीला मिळते. पाणी आपली उंची टर्बाइनला देते, तिची वीज होते. बस आपली उंची ब्रेकला देते, तिची नुसती उष्णता होते.

किती उष्णता? टायरांचा आणि हवेचा विरोध सुमारे तिसरा हिस्सा घेतो असे मानू. तरी २ कोटी ज्यूल उरतात. ब्रेकच्या लोखंडी भागांचे वस्तुमान ६० किलोग्रॅम आणि लोखंडाची विशिष्ट उष्णता ४५० धरली, तर तापमानातील वाढ

२,००,००,००० ÷ (६० × ४५०) = सुमारे ७४० अंश सेल्सिअस!

प्रत्यक्षात वारा बरीच उष्णता काढून नेतो, म्हणून तापमान इतके चढत नाही. पण त्याच्या पुष्कळ आधीच ब्रेकच्या अस्तराची पकड ढिली पडू लागते. पाय दाबलेला असतो, तरी गाडी आवरत नाही. घाटातील खरा धोका हा आहे.

इंजिनाचा लगाम

उपाय जुना आणि बिनखर्चाचा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. खालच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाके इंजिनाला फिरवू लागतात. इंजिनातील घर्षण आणि हवा आत-बाहेर ढकलण्याचे काम यांत ऊर्जा खर्च होते, आणि ती उष्णता रेडिएटर व धुराड्याच्या वाटेने बाहेर पडते. ब्रेक वळणापुरते आणि थांबण्यापुरते थंड राहतात. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे लोक हा लगामच तोडून टाकतात.

आजच्या विजेवरच्या गाड्यांत मोटरच उतारावर जनित्र होते आणि उंचीचा काही भाग बॅटरीत परत जमा होतो, अगदी छोट्या कोयनेसारखा. मात्र बॅटरी माथ्यावरच पूर्ण भरलेली असेल, तर तिच्यात जमा करायला जागा नसते. आखणीत हेही धरावे.

आता आपले वेळापत्रक पुरे करू. पाटणला न्याहारी, साडेनऊला प्रस्थान. पावणेतीन तास प्रवास, वाटेत अर्धा तास विश्रांती. गुहागर पाऊण वाजता. घाई कोठेच नाही.

करून पाहा

१. सायकल स्टँडवर उभी करा. एकाने पायडल हाताने फिरवावे, दुसऱ्याने मागचा ब्रेक हलका दाबून धरावा. दोन मिनिटांनी चाक पूर्ण थांबवून ब्रेकच्या रबराला बोट लावा. ही उष्णता कोणाच्या श्रमातून आली?

२. वरील मिनीबस घाट ४५ मिनिटांत उतरली आणि ब्रेकच वापरले, तर २ कोटी ज्यूल किती वॅट दराने बाहेर पडले? १,००० वॅटच्या किती इस्त्र्यांइतके?

३. परतीच्या प्रवासात हीच बस घाट चढेल. तेव्हा ही ऊर्जा कोठून येईल?