सांब आणि त्याचे सोबती (एकादश स्कंध, अध्याय १)



आजचं वाचन श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधाचा पहिला अध्याय. घरात एकनाथी भागवत असेल तर तेच काढा. नाथांनी ते पैठणला लिहायला घेतलं आणि १५७३ साली काशीत पूर्ण केलं. पैठणची गोदामाईच पुढे आपल्या गंगाखेडच्या घाटाला येते, म्हणून परभणीकरांना हा ग्रंथ परका वाटायचं कारण नाही.

कथा तुम्हाला माहीत असेल, तरी थोडक्यात सांगतो. पिंडारक तीर्थावर विश्वामित्र, कण्व, दुर्वास, वसिष्ठ, नारद असे थोर ऋषी जमलेले. जवळच यादवांची पोरं खेळत होती. त्यांनी जांबवतीच्या मुलाला, सांबाला, बाईचे कपडे नेसवले आणि ऋषींपुढे नेलं. वरवर नम्रपणे पाय धरले आणि विचारलं, ही गर्भार आहे, हिला स्वतः विचारायला लाज वाटते, हिला मुलगा हवाय, तर हिला काय होईल ते सांगा. ऋषींना चेष्टा कळली. ते म्हणाले, कुळाचा नाश करणारं मुसळ होईल. पोरांनी घाबरून सांबाच्या पोटावरचं कापड सोडलं, तर खरंच लोखंडाचं मुसळ.

हा अध्याय आपण बहुतेक ‘यादवांना शाप कसा लागला’ एवढ्यासाठी वाचतो. यंदा मी तो दहावी-अकरावीच्या लेकरांचा बाप-काका म्हणून वाचला आणि तीन जागी थांबलो.

पहिली जागा. ही कल्पना कोणाची? भागवत सांगत नाही. नाव येतं ते फक्त सांबाचं, म्हणजे ज्याला नटवलं त्याचं. बाकी सगळं अनेकवचनात: त्यांनी नटवलं, त्यांनी नेलं, त्यांनी विचारलं. टोळक्याचं असंच असतं. नंतर विचारा, ‘कोणी सुरू केलं?’ कोणालाच सांगता येत नाही, आणि खोटंही बोलत नसतात. यातलं एकेक पोरगं एकटं त्या वाटेने गेलं असतं तर दुर्वासांना बघून गुमान नमस्कार करून पुढे गेलं असतं.

हे माझ्या मनाचं नाही. २००५ साली अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग या दोन संशोधकांनी पोरांना आणि मोठ्यांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की दामटायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. काहींनी एकट्याने, काहींनी मित्र शेजारी असताना. १३ ते १६ वर्षांच्या पोरांनी मित्र बघत असताना कितीतरी जास्त धोका पत्करला. मोठ्या माणसांत तसा फरक पडला नाही. म्हणजे पोरगं मुळात वाईट नसतं, आणि धोका त्याला कळत नाही असंही नाही. ‘तुला कळत कसं नाही?’ हा आपला आवडता प्रश्न म्हणूनच फुकट जातो. त्याला कळतं. पण बघणारे डोळे असले की मजेचं पारडं जड होतं.

दुसरी जागा मला सगळ्यात लागली. मुसळ बघितल्यावर ही पोरं काय म्हणतात? आपण अभागी, हे काय करून बसलो. आणि लगेच, लोक आपल्याला काय म्हणतील! कुळ जाणार असं ऋषींनी तोंडावर सांगितलंय, तरी पहिली काळजी लोकांची. ज्या भीतीने ती टोळक्यात ‘नको’ म्हणाली नाहीत, तीच भीती नंतरही बोलते. फक्त ‘लोक’ बदलले.

रविवारी संध्याकाळी आमच्याकडे मंदिरात हरिपाठाला १२ ते १७ वयाची लेकरं येतात. हा अध्याय त्यांना सांगितला आणि विचारलं, तुम्ही तिथं असता तर ‘नको’ म्हणाला असता का? एक दहावीतलं पोरगं खाली बघून म्हणालं, “काका, नाही म्हणलं की ग्रुपमधून काढतेत. मग डबा कोणासोबत खायचा?” हसू नका. डब्याचा प्रश्न त्याच्यासाठी तुमच्या-माझ्या नोकरीएवढाच मोठा आहे. गुटख्याची पहिली पुडी, लायसन नसताना ट्रिपल सीट, रात्री बाराला रस्त्यावर तलवारीने केक कापतानाचा व्हिडिओ, परीक्षेत शेजाऱ्याला चिठ्ठी सरकवणं, या सगळ्याच्या मागे बहुतेक वेळा डबा कोणासोबत खायचा हाच प्रश्न असतो. गुटखाबंदी राज्यात २०१२ पासून आहे. अल्पवयीन पोराने गाडी चालवली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद, हा कायदा २०१९ मध्ये झाला. कायदे हवेतच. पण सुट्टीत एकट्याने डबा उघडणाऱ्या पोराच्या शेजारी कायदा येऊन बसत नाही.

त्याच्या शेजारी एक मित्र बसू शकतो. सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात असं पाहिलं, की सगळे मुद्दाम चुकीचं उत्तर देत असले तर धडधाकट माणूसही डोळ्यांना दिसतंय ते सोडून पुष्कळदा त्यांच्या मागे जातो. पण त्या घोळक्यात एकच जण खरं बोलणारा निघाला, तर चुका साधारण पाव उरतात. म्हणून मी आता लेकरांना ‘नाही म्हणायला शिका’ असं मोघम सांगत नाही. म्हणतो, दोघं-दोघं ठरवून ठेवा. एक ‘नको’ म्हणाला की दुसऱ्याने लगेच ‘मी पण नाही’ म्हणायचं. आणि आई-बापांना सांगतो, तुमचं नाव वापरायची मुभा द्या. ‘पप्पांना कळलं तर फोन काढून घेतील’ असं पोरगं चारचौघांत बोललं तर बोलू द्या. वाईट व्हायचं ते तुम्ही व्हा, त्याची इज्जत राहू द्या.

तिसरी जागा आपली, मोठ्यांची. पोरांनी मुसळ राजसभेत नेलं, घडलं ते सांगितलं. हे त्यांनी चांगलं केलं, बरीच पोरं एवढंही करत नाहीत. राजा उग्रसेनाने काय केलं? मुसळाचं चूर्ण करून समुद्रात टाकलं, उरलेला तुकडाही टाकला. वस्तू नाहीशी केली. त्या पोरांना जवळ बसवून कोणी दोन शब्द विचारले, असं अध्यायात येत नाही. पुढे तिसाव्या अध्यायात वाचा, प्रभासला मद्य घेऊन यादव एकमेकांवर तुटून पडले, हातात त्याच चूर्णातून उगवलेलं गवत. घरातही असंच होतं. पुडी सापडली, फेकली. मोबाइल सापडला, फोडला. प्रकरण मिटलं असं वाटतं.

कोणी माऊली म्हणतील, ही तर हरीचीच इच्छा होती, पोरं निमित्त. मान्य, अध्यायच तसं सांगतो. पण देवाने निमित्त कोणतं घेतलं तेही बघा. शत्रूची फौज घेतली नाही, घरच्या पोरांची थट्टा घेतली.

आणि सोबत्यांचा रेटा फक्त पोरांवर असतो हे मला पटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आपल्या परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४८ टक्के अशा निघाल्या, ज्यांचं लग्न १८ वर्षांच्या आत झालं होतं. सबंध राज्याचा आकडा सुमारे २२. गरिबी आहे, ऊसतोडीला जाताना पोरीला कुठं ठेवायचं ही खरी अडचण आहे. पण पारावर बसून ‘भावकीत सगळ्यांच्या पोरी उजवल्या, तुमचीच राहिली’ म्हणणारेही आहेतच. तिथं चाळिशीतला बाप पंधरा वर्षांच्या पोरासारखाच मान खाली घालतो. त्याला कोण शिकवणार दोघं-दोघं ठरवायला? या पारावर ‘माझी पण बारावी झाल्याशिवाय नाही’ म्हणणारा दुसरा बाप मी एकदा ऐकलाय. पहिल्याचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता तुम्ही.

रेटा चांगलाही असतो बरं का. शेगावची पालखी पंढरपूरला जाताना आपल्या परभणीवरून, गंगाखेडवरून जाते. पांढऱ्या कपड्यातली ती शिस्तीची रांग बघितली की रस्त्याकडेची पोरंही आपोआप सरळ उभी राहतात, मोबाइल खिशात जातो. आमच्या हरिपाठातली दोन पोरं गेल्या वर्षी परभणी ते गंगाखेड चालली. तंबाखू सोडली का विचारलं नाही मी. दोघं एकाच ताटात जेवताना दिसली.

मुलांसोबत हा अध्याय वाचणार असाल तर गोष्ट सांगून गप्प बसा आणि एवढंच विचारा: सांबाच्या जागी तू असतास, तर तुझ्या बाजूने कोण बोललं असतं? नाव आलं तर त्या पोराला घरी जेवायला बोलवा.

उद्या अध्याय दुसरा, नारद वसुदेवाच्या घरी येतात तिथून.