पायावरचा न भरणारा व्रण आणि मलमाचे काम

दर्शनबारीत तासन्‌तास उभे राहावे लागते, सप्ताहात वीणेचा पहारा उभ्यानेच करायचा असतो. पुष्कळ वडीलधाऱ्या माळकऱ्यांच्या पोटरीवर फुगलेल्या शिरा, घोट्याशी काळवंडलेली कातडी आणि आतल्या अंगाला महिनोन्‌महिने वाहणारी जखम आपण पाहतो. एकामागून एक मलमे चोपडली, तरी ती काही भरत नाही. असे का, ते आज पाहू.

पायातले रक्त वर हृदयाकडे चढवायचे, तर चालताना पोटरीचे स्नायू शिरा दाबतात आणि शिरांतल्या एकेरी झडपा ते मागे येऊ देत नाहीत. झडपा निकामी झाल्या म्हणजे रक्त तुंबते, पाय सुजतो, कातडी दुबळी होऊन जराशा खरचटण्याने फाटते. रोग दिसतो कातडीवर, पण राहतो शिरेत. मग नुसत्या मलमाने तो कसा जावा?

मलमाचे काम राखणीचे. जखम स्वच्छ पाण्याने हलके धुवावी, न चिकटणारी साधी पट्टी ठेवावी, भोवतालच्या कातडीला व्हॅसलिन किंवा झिंक ऑक्साइडचे मलम लावावे. चुना, तंबाखू, उग्र औषधे लावू नयेत. ही कातडी फार हळवी असते. निओमायसिनच्या मलमानेही कित्येकांना खाज सुटते.

खरा उपाय दाबपट्टीचा. जर्मन त्वचावैद्य उन्ना यांनी एकोणिसाव्या शतकात झिंकचा लेप दिलेली पट्टी पायाला गुंडाळण्याची रीत घातली. ती आजही चालते. पट्टी बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, घोट्याशी घट्ट व वर सैल अशी बांधतात. परंतु पायाच्या रोहिणीतले रक्त नीट वाहते की नाही, हे डॉक्टरांनी तपासल्यावाचून ती बांधू नये; मधुमेह्यांनी तर नाहीच. बोटे गार, निळी वा बधिर झाली तर पट्टी लगेच सोडावी.

शिरेवरही इलाज आहे. इंग्लंडातील 450 रुग्णांचा एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. दाबपट्टी सगळ्यांनाच होती; पण ज्यांच्या बिघडलेल्या शिरा लवकर बंद केल्या, त्यांच्या जखमा साधारण 56 दिवसांत भरल्या, इतरांना 82 दिवस लागले.

तेव्हा दोन आठवड्यांत न भरणारी जखम मलमावर ठेवू नका, डॉक्टरांना दाखवा. ताप आला, लाली पसरली किंवा पाय एकाएकी सुजला, तर त्याच दिवशी जा. निजताना पाय उशीवर उंच ठेवा, उभे असताना टाचा वरखाली करा. आणि चालणे सोडू नका; पोटरी हलली तरच रक्त वर चढते.